ठोक्यांच्या गोळ्या आणि दोनशेपानी वही

आमच्या घरात हृदयाचे ठोके अनियमित असलेली दोन माणसं आहेत. एक आई आणि दुसरा तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझा मामा. आईला लहानपणी सांध्यांना सूज आणणारा ताप येऊन गेला होता. त्यात हृदयाची एक झडप आखडली आणि पन्नाशीनंतर ठोके बिघडले. मामाची झडप ठणठणीत आहे. त्याला जुनं ब्लडप्रेशर, आणि सत्तरीत मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी काढलेल्या ईसीजीत हे सापडलं. दोघांच्या फायलीवर शब्द एकच आहे, एट्रियल फिब्रिलेशन. डॉक्टर बोलताना 'एएफ' म्हणतात. गोळ्या मात्र वेगळ्या, आणि त्यांचे नियमही वेगळे. आईच्या गोळीला पालेभाजीचा हिशेब लागतो, मामाच्या गोळीला भरल्या पोटाचा.

मी डॉक्टर नाही. नऊ वर्षं दर रविवारी गोळ्यांचा डबा भरणारी मुलगी आहे. ज्यांच्या घरात हे निदान नुकतंच झालंय आणि हातात चार स्ट्रिपा आणि न लागणारी चिठ्ठी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. गोळी कुठली आणि किती, हे तुमचे डॉक्टर ठरवणार. ती घरात नीट कशी घ्यायची, एवढाच माझा विषय.

आधी आजार थोडक्यात. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरतात. मिनिटाला साडेतीनशेहून जास्त वेळा. ती थरथर खालच्या कप्प्यांकडे वेडीवाकडी झिरपते, म्हणून नाडी कधी भरभर, कधी चुकत चालते. पण धडधड ही लहान भानगड. मोठी वेगळी आहे. वरच्या डाव्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते. थरथरीमुळे तिथे रक्त साचून राहतं, साचलं की गोठतं, आणि ती गुठळी निसटून मेंदूत गेली की लकवा. एएफ असलेल्याला हा धोका साधारण पाचपट असतो.

म्हणून औषधं दोन जातींची. एक जात ठोके ताळ्यावर ठेवणारी. दुसरी गुठळी होऊ न देणारी, जिला सगळे 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतात. खरं तर रक्त पातळ-बितळ काही होत नाही, फक्त गोठायला उशीर लागतो. पण शब्द रुळलाय, मीही तोच वापरते.

सगळी अडचण या दुसऱ्या जातीत आहे. ही गोळी घेतली तरी काही जाणवत नाही, चुकली तरी नाही. डोकेदुखीच्या गोळीची चूक डोकं दुखून कळते. ही चुकली तर महिनाभर काही होणार नाही, आणि मग एका सकाळी माणसाच्या हातातून चहाचा कप पडेल. त्यामुळे 'मला बरं वाटतंय' यावर काहीही ठरवायचं नाही. मामाने पहिल्या तीन महिन्यांत नेमकं तेच केलं होतं. धडधड थांबली, म्हणून त्याने दोन्ही गोळ्या आपल्या मनाने बंद केल्या. नशिबाने निभावलं. त्याच आठवड्यात मी दोनशेपानी वही आणली.

पहिलं काम: कुठली गोळी कशासाठी

वहीच्या पहिल्या पानावर चिठ्ठी उतरवून काढा. ब्रँडचं नाव, त्याखाली मूळ औषधाचं नाव (स्ट्रिपवर बारीक अक्षरात असतं, लागत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठं करा), किती मिलिग्रॅम, किती वाजता, आणि काम काय. काम एका शब्दात पुरे: 'गुठळी', 'वेग', 'लय', 'बीपी'. डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर परत जाऊन विचारा. चिडतील ही भीती बाळगू नका. आम्ही विचारलं तेव्हा डॉक्टरांनी स्वतः पेन घेऊन स्ट्रिपांवर लिहून दिलं.

मिलिग्रॅम लिहिण्यावर माझा जोर आहे. आईची गोळी, अ‍ॅसिनोकुमॅरॉल, १, २, ३ आणि ४ मिलिग्रॅममध्ये मिळते आणि तिचा डोस बदलत राहतो. फोनवर डॉक्टरांना 'रोज दोन गोळ्या घेते' म्हटलं तर त्याचा अर्थ दोन मिलिग्रॅमही होतो आणि आठही. त्यामुळे गोळ्या मोजायच्या नाहीत, मिलिग्रॅम सांगायचे. रंगावर तर मुळीच जाऊ नका. कंपनी बदलली की रंग बदलतो.

मेडिकलवाला अर्धी स्ट्रिप कापून देतो तेव्हा नाव आणि एक्सपायरी असलेला तुकडा कोणत्या बाजूला गेला ते काउंटरवरच बघा. आम्ही शक्यतो अख्खी स्ट्रिप घेतो. आणि 'ही नाहीये, तसलीच दुसरी देतो' म्हणाला तर मूळ नाव आणि मिलिग्रॅम जुळवल्याशिवाय पिशवी उचलू नका. दुसऱ्या कंपनीची गोळी वाईट असते असं नाही. अ‍ॅपिक्सबॅन आणि रिव्हरॉक्सबॅन आता कितीतरी कंपन्या बनवतात, त्यामुळे त्या पूर्वीपेक्षा बऱ्याच स्वस्त झाल्यात. जनऔषधी केंद्रातही विचारून बघा. पण आईच्या जातीच्या गोळीत कंपनी बदलली तर डॉक्टरांच्या कानावर घाला. बहुधा ते आठवड्यात एक जादा तपासणी करायला सांगतील.

दुसरं: तुमची गोळी कुठल्या गटातली?

रक्त पातळ करायच्या गोळ्यांचे दोन गट. जुन्या गटात वॉर्फरिन आणि अ‍ॅसिनोकुमॅरॉल. आपल्याकडे दुसरी जास्त दिसते. नव्या गटात डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्सबॅन, अ‍ॅपिक्सबॅन वगैरे. नव्या गटाला दर महिन्याला रक्त तपासावं लागत नाही, भाजीचं पथ्य नाही. साहजिकच आईने विचारलं, 'दादाची गोळी मला का नाही?'

कारण तिची झडप. लहानपणच्या तापाने डावीकडची झडप चांगलीच अरुंद झाली असेल किंवा धातूची कृत्रिम झडप बसवलेली असेल, तर जुनीच गोळी लागते. धातूच्या झडपेवर डॅबिगॅट्रानचा प्रयोग झाला होता. त्यात गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही, म्हणून २०१२ च्या अखेरीस तो मध्येच थांबवावा लागला. अरुंद झडपेच्या रुग्णांवर रिव्हरॉक्सबॅन वापरून पाहिली, त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. तिथेही जुनी गोळीच सरस ठरली. आपल्याकडे असे झडपेचे रुग्ण गल्लोगल्ली आहेत. तेव्हा शेजारच्या काकांची 'बिनतपासणीची' गोळी बघून मन चाळवू देऊ नका.

आणि अ‍ॅस्पिरिन? 'हलकी आहे, तीच चालू ठेवू' असं सांगणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. एएफमधल्या गुठळीसाठी अ‍ॅस्पिरिन हा पर्याय नाही. फायदा जेमतेम, आणि पोटातला रक्तस्राव करायला ती तयारच असते.

अजून एक नातेवाईक असतो, जो म्हणतो, 'अगं, ते उंदराचं औषध आहे!' तो खोटं बोलत नाही. १९३३ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी मेलेली गाय आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन बर्फातून विद्यापीठात पोहोचला. त्याच्या गाई बुरशी आलेला चारा खाऊन रक्तस्रावाने मरत होत्या. तिथल्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातला पदार्थ शोधला. त्याचाच भाईबंद वॉर्फरिन, १९४८ मध्ये उंदीर मारायला बाजारात आला आणि १९५४ पासून माणसांना औषध म्हणून दिला जाऊ लागला. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅक आला, तेव्हा त्यांनाही तो दिला गेला. म्हणजे तेच औषध, फरक मात्रेचा. आईला ही गोष्ट सांगितल्यापासून ती संध्याकाळी 'उंदराची गोळी दे गं' म्हणते.

तिसरं: वेळ, डबा आणि राहून गेलेली गोळी

आईची गोळी संध्याकाळी सहाला. दिवेलागणीची वेळ, देवाजवळ दिवा लावला की गोळी. संध्याकाळ निवडण्याला कारण आहे. तपासणीचं रक्त सकाळी देतो, रिपोर्ट दुपारी येतो, डोस बदलायचा तर त्याच दिवशी बदलता येतो. मामाची गोळी रात्रीच्या जेवणाबरोबर. त्यामागची गोष्ट पुढे येते.

डबा सात दिवसांचा, चार खणांचा. रविवारी दुपारी टीव्ही बंद करून भरते. भरताना वही समोर, पाठांतरावर नाही. अपवाद फक्त डॅबिगॅट्रानचा. ती कॅप्सूल दमट हवेत खराब होते, म्हणून तिच्या मूळ पाकिटात किंवा बाटलीतच राहू द्यायची, घ्यायच्या क्षणी काढायची. ती फोडून, चावून किंवा पाण्यात ढवळून घ्यायची नाही. कवच काढलं की औषध ठरल्यापेक्षा बरंच जास्त अंगात शिरतं. गिळायला त्रास होणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला सून प्रेमाने कॅप्सूल उघडून मधात देते, असं होऊ शकतं. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना सांगा, दुसरी गोळी मिळते. डॅबिगॅट्रानने छातीत जळजळ होते अशीही बऱ्याच जणांची तक्रार असते. ग्लासभर पाण्याबरोबर, बसून घेतली तर कमी होते.

गोळी राहिली तर काय करायचं, हे राहण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. साधारण रीत अशी:

आईची जुनी गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्यायची. दुसऱ्या दिवशी आठवली तर गेली ती गेली, त्या दिवशीची नेहमीची घ्यायची आणि वहीत लाल पेनाने फुली मारायची. रिव्हरॉक्सबॅन दिवसातून एकदा असेल तर त्याच दिवशी आठवताच. अ‍ॅपिक्सबॅन आठवताच, मग पुढची आपल्या वेळेला. डॅबिगॅट्रानची पुढची वेळ सहा तासांच्या आत आली असेल तर राहिलेली सोडून द्यायची. भरपाई म्हणून दुप्पट मात्र कुठलीच घ्यायची नाही. आणि 'घेतली की नाही' हेच आठवत नसेल तर? म्हणून तर डबा. खण रिकामा तर घेतली.

नव्या गोळ्यांचा असर एका दिवसात ओसरतो. म्हणजे स्ट्रिप संपली आणि दुकान सोमवारी उघडणार, ही साधी अडचण नाही. सात दिवसांच्या उरल्या की पुढच्या आणायच्या.

चौथं: जुन्या गोळीवाल्यांसाठी आयएनआर

नवी गोळी असलेल्यांनी हा भाग वगळला तरी चालेल.

लॅबमध्ये 'पीटी-आयएनआर' म्हणून जी तपासणी लिहून देतात, तिच्यातून रक्त गोठायला किती उशीर लागतो ते कळतं. गोळी न घेणाऱ्याचा आकडा साधारण १ असतो. एएफसाठी बहुतेकांना तो २ ते ३ च्या मध्ये ठेवतात. धातूची झडप असेल तर त्याहून थोडा वर. २ च्या खाली गेला तर गुठळीची भीती, ४ च्या वर चढत गेला तर रक्तस्रावाची. सुरुवातीला आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, आकडा बसला की महिन्याने. उपाशीपोटी जायची गरज नाही. लॅब शक्यतो एकच ठेवा.

आमच्या वहीत याची चार रकान्यांची पानं आहेत: तारीख, आकडा, आठवड्याचा डोस, आणि 'काय वेगळं घडलं'. शेवटचा रकाना मी उशिरा सुरू केला, आणि खरं शहाणपण त्यातच निघालं.

पहिल्या वर्षी आषाढात आईचा आकडा २.४ होता. श्रावणात ३.९. गोळी तीच, वेळ तीच. डॉक्टरांनी विचारलं, जेवणात काय बदललं? काहीच नाही, आई म्हणाली. घरी आल्यावर लक्षात आलं, ती श्रावणात पालेभाजी सोडते. पालेभाज्यांत के जीवनसत्त्व असतं, रक्त गोठवायला यकृत तेच वापरतं, आणि ही गोळी नेमकी त्याच्या आड येते. भाजी बंद झाली की गोळीचं पारडं जड होतं. मग भाद्रपदात ऋषिपंचमीची भाजी, अळू, माठ, सगळं एकदम, आणि आकडा १.८.

यावर 'पालेभाजी बंद' असं फर्मान बरेच जण काढतात. ते चुकीचं. मेथी, पालक, शेपू, चाकवत सगळं खा, पण दर आठवड्याला साधारण तितकंच खा. आई आता एक दिवसाआड वाटीभर खाते आणि श्रावणातही खाते. देवाला कळतं, असं तिचं म्हणणं. ज्यांना व्रत मोडायचं नाही त्यांनी डॉक्टरांना आधी सांगावं, म्हणजे त्या महिन्यात डोस आणि तपासणी त्या हिशेबाने होते. पालकाचा रस, गव्हांकुराचा रस असलं काही नव्याने सुरू करायचं तरी हेच.

दुसरी नोंद जास्त गंभीर आहे. आईला जुलाब लागले. जवळच्या दवाखान्यात गेलो, त्यांनी मेट्रोनिडाझोल दिली. जुलाबाची नेहमीची गोळी, आम्ही कधी विचारही केला नसता. पाचव्या दिवशी सकाळी आई बेसिनपाशी उभी राहून म्हणाली, 'ब्रश बघ.' ब्रशचे केस गुलाबी नव्हते, लाल होते, आणि चूळ भरली तरी थांबेना. दंडावर, जिथे बीपीचा पट्टा बांधतो तिथे, जांभळट वळ. आयएनआर ६.८. दोन रात्री हॉस्पिटलात गेल्या. त्या दवाखान्यात त्यांनी विचारलं नव्हतं 'दुसऱ्या गोळ्या कुठल्या चालू आहेत', हे खरं. आम्हीही सांगितलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

तेव्हापासून नियम असा की कुठलीही नवी गोळी, अगदी पाच दिवसांची, सुरू झाली की हृदयाच्या डॉक्टरांना फोन, आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवसात आयएनआर.

पाचवं: नव्या गोळीवाल्यांसाठी पोट आणि किडनी

मामा संकष्टी करतो. चाळीस वर्षं. दिवसभर काही नाही, चंद्रोदयानंतर उपास सोडायचा. त्याची रिव्हरॉक्सबॅन सकाळी चहाबरोबर असायची. ही गोळी १५ किंवा २० मिलिग्रॅमची असेल तर जेवणाबरोबरच घ्यावी लागते. २० ची उपाशीपोटी घेतली तर सुमारे दोनतृतीयांशच अंगी लागते. म्हणजे संकष्टीलाच नव्हे, रोजच त्याला गोळी कमी पडत होती, कारण चहा-बिस्किट म्हणजे जेवण नव्हे. डॉक्टरांना विचारून आम्ही ती रात्रीच्या जेवणावर नेली. संकष्टीलाही जेवण रात्रीच असतं, त्यामुळे देव आणि डॉक्टर दोघांचंही जमलं. एकादशीला? पोटभर साबुदाण्याची खिचडी चालते. दोन केळ्यांवर भागवायचं नाही. निर्जळी तर नाहीच. अ‍ॅपिक्सबॅनला मात्र जेवणाची अट नाही, दिवसातून दोन वेळा म्हणजे दोन वेळा. रोजे ठेवणाऱ्यांनी रमजानच्या दोन-तीन आठवडे आधीच वेळा ठरवून घ्याव्यात.

या गोळ्या कमी-जास्त प्रमाणात किडनीवाटे बाहेर पडतात, डॅबिगॅट्रान सर्वांत जास्त. किडनी मंदावली की गोळी अंगात साठते. वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारा रक्तातला आकडा), हिमोग्लोबिन आणि लिव्हरची तपासणी हवीच. वय झालेल्यांना सहा महिन्यांनी. किडनीचा क्लिअरन्स (म्हणजे रक्त गाळायचा वेग, तो डॉक्टर काढून देतात) ६० च्या खाली असेल तर त्याला दहाने भागून जितके येतील तितक्या महिन्यांनी तपासावं, असा एक ठोकताळा डॉक्टर वापरतात. उलट्या-जुलाब, कडक उन्हात वारीला चालणं, ताप, यात पाणी कमी होऊन किडनीवर ताण येतो. अशा वेळी अंदाजाने गोळी बंद करायची नाही, फोन करायचा.

वजनही वहीत लिहा. अ‍ॅपिक्सबॅनचा डोस निम्मा करायचा का, हे तीन गोष्टींवरून बघतात: वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त. यातल्या दोन असतील तर निम्मा. आपल्याकडच्या किती आज्या ६० किलोच्या वर असतात? म्हणून म्हणते, वजनकाटा दाखवा. 'भीती वाटते म्हणून निम्मी' हे मात्र कुणी करू नये. त्याने रक्तस्राव टळेल याची खात्री नाही, लकव्याची वाट मात्र मोकळी होते.

सहावं: वेग आणि लय सांभाळणाऱ्या गोळ्या

मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, डिल्टियाझेम या वेग कमी करतात. यांचा असर मोजता येतो. मनगटावर अंगठ्याच्या खालच्या बाजूला दोन बोटं ठेवून पूर्ण साठ सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची युक्ती इथे चालत नाही, ठोके सारखे नसतात. बीपीचं मशीनही एएफमध्ये गोंधळतं. तीन वेळा घेऊन सरासरी काढा. बसल्या जागी ११० च्या आत वेग चालेल असं बरेच डॉक्टर मानतात, पण तुमचा वरचा आणि खालचा आकडा त्यांच्याकडून लिहून घ्या. पन्नासच्या खाली जाऊन चक्कर येत असेल तर त्याच दिवशी कळवा.

मेटोप्रोलॉल एकाएकी बंद करू नका, ठोके उसळी मारतात. दम्याचा त्रास असेल तर आधीच सांगा. डायबेटिस असणाऱ्यांना एक गोष्ट कुणी सांगत नाही. साखर उतरली की जी थरथर आणि धडधड होते, ती या गोळीने झाकली जाते. घाम मात्र येतो. घाम फुटला की साखर तपासा. 'एक्सएल', 'एसआर' अशी अक्षरं असलेली गोळी कुटायची किंवा चावायची नाही. मधे रेघ असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच अर्धी करायची.

आई डिगॉक्सिनही घेते. आठवड्यात पाच दिवस, शनिवार-रविवार सुट्टी. तिची मात्रा आणि विषबाधा यांत अंतर फार थोडं. भूक मरणं, मळमळ, डोळ्यांपुढे पिवळट-हिरवट दिसणं ही तिची लक्षणं. म्हाताऱ्या माणसाची भूक गेली की 'वय झालं' म्हणून सोडून देतात, आणि गोळी चालूच राहते. लघवीच्या गोळीबरोबर असेल तर पोटॅशियम तपासत राहावं लागतं. ते उतरलं तर डिगॉक्सिन अंगावर येते. ज्येष्ठमधाचा काढा रोज घेतला तरी पोटॅशियम उतरतं, हे मला फार उशिरा कळलं. डिगॉक्सिनचा वंश डिजिटॅलिस नावाच्या फुलझाडाचा, विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. आपल्या अंगणातल्या कण्हेरीत आणि बिट्टीत त्याच जातकुळीचं विष असतं. 'झाडपाल्याने काय होतंय' म्हणणाऱ्यांना एवढं पुरे.

अमिओडॅरोन लय सांभाळते आणि गुणी आहे, पण तिच्यात भरपूर आयोडिन असतं. थायरॉइड आणि लिव्हर दर सहा महिन्यांनी तपासावं लागतं. कोरडा खोकला, दम लागणं अंगावर काढायचं नाही, फुप्फुसावर परिणाम होऊ शकतो. ऊन चटकन चावतं, टोपी आणि पूर्ण बाह्या हव्यात. ही बंद केली तरी आठवडे, महिने अंगात राहते. आयएनआर वाढवते, डिगॉक्सिनही वाढवते. ग्रेपफ्रूट हिला चालत नाही, आणि आपलं पपनस त्याचाच पूर्वज. गणपतीत एखादी फोड तोंडात टाकण्याआधीही विचारून घेतलेलं बरं.

सातवं: दुखण्याची गोळी आणि 'एक सुई'

डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणि त्यांची जोडगोळी असलेल्या सगळ्या कंबरदुखी-गुडघेदुखीच्या गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर घेतल्या की पोटात रक्तस्राव व्हायची भीती. या दुकानात मागितल्या की मिळतात, हीच गोची. तापाला, दुखण्याला बेताने पॅरासिटामॉल. तीही रोज भरपूर घेतली तर आईच्या जातीच्या गोळीत आयएनआर चढतो. सर्दीच्या गोळ्यांत फेनिलएफ्रिन असतं, ते ठोके आणि बीपी दोन्ही बिघडवू शकतं. स्वयंपाकातल्या हळद-लसणाला घाबरू नका. हळदीच्या, लसणाच्या कॅप्सूल ही वेगळी गोष्ट, त्या विचारल्याशिवाय नकोत.

टीबीची रिफॅम्पिसिन आणि फिट्सच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिन या गोळ्या उलटं करतात, गुठळीविरुद्धची गोळी निकामी करत आणतात. घरात दोन डॉक्टरांची औषधं चालू असतील तर दोघांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा.

सुईचं तर सांगायलाच हवं. गावाकडे अंग दुखलं की कंबरेत सुई टोचून घेतल्याशिवाय माणसाला दवाखान्यात गेल्यासारखं वाटत नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असताना स्नायूत टोचलं तर आत रक्त साखळून लिंबाएवढी गाठ येऊ शकते. मामाला आली होती, तीन आठवडे एका अंगावर झोपला. सुई घेण्याआधी तोंडाने सांगा, 'रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे.' लस घ्यायला हरकत नसते. बारीक सुई वापरायला सांगा आणि नंतर काही मिनिटं न चोळता दाबून धरा.

दात काढायचा असो की एंडोस्कोपी, गोळी किती दिवस आधी थांबवायची, किंवा थांबवायचीच का नाही, हे दोन्ही डॉक्टरांनी बोलून ठरवायचं. दातासाठी पुष्कळदा थांबवावी लागत नाही. आणि झडपेचा त्रास असलेल्या तरुण मुलींनो, मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधी डॉक्टरांशी बोला. आईच्या जातीची गोळी पहिल्या तीन महिन्यांत गर्भाला इजा करू शकते. पण घाबरून स्वतःच बंद केली तर झडपेवर गुठळी होते.

आठवं: धावपळीच्या वेळी

तोंड एका बाजूला वाकडं, एक हात वर उचलत नाही, शब्द अडखळतात, यातलं एक जरी दिसलं तरी १०८. साखर-पाणी पाजत, तळवे चोळत बसू नका. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. तिथे पहिला प्रश्न असतो, रक्त पातळ करायची गोळी कुठली आणि शेवटची किती वाजता घेतली. त्या उत्तरावर ते इंजेक्शन द्यायचं की नाही हे ठरतं.

डोक्याला मार लागला तर जखम नसली तरी हॉस्पिटल. मामा बाथरूममध्ये घसरला, टेंगूळही नव्हतं, तरी सीटी स्कॅन केला. काही निघालं नाही, पैसे गेले, चालतंय. डांबरासारखी काळी शी (लोहाच्या गोळीनेही शी काळी होते, पण तो निष्कर्ष डॉक्टरांना काढू द्या), लघवीत रक्त, रक्ताची उलटी, अचानक उसळलेली डोकेदुखी, यांतलं काहीही असेल तर लगेच. नाकातून रक्त आलं तर पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं न सोडता दाबायचा. तरीही थांबलं नाही तर निघायचं.

आईच्या पर्समध्ये आणि मामाच्या खिशात एकेक कार्ड आहे, व्हिजिटिंग कार्डाएवढं, वर सेलोटेप लावलेलं. आईच्या कार्डावर लिहिलंय:

'एएफ. झडप अरुंद. अ‍ॅसिनोकुमॅरॉल, संध्याकाळी ६. डिगॉक्सिन, सोम ते शुक्र. स्नायूत सुई नको. मेट्रोनिडाझोलने आयएनआर ६.८ झाला होता. डोस आणि शेवटच्या गोळीची वेळ वहीत. वही फ्रिजवर.'

खाली माझा नंबर, आणि मी उचलला नाही तर शेजारच्या वहिनींचा. त्यांना फ्रिज कुठला ते माहीत आहे.